खोगिराला बांधण्याआधी

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पश्चिमेच्या उतारावर तेवीस रानमेंढे होते. सगळे नर. आठ वर्षांच्या वरचे चार, मधले अकरा, लहान आठ. आमच्या बाजूला माणसे चार, घोडे चार, दुर्बिणी तीन, रायफल एक. रायफलीत गोळ्या चार. परवाना एका मेंढ्याचा.

मी हे वहीत लिहीत असताना सोदनोम मामा शेजारी पालथे पडून होते.

"झालं मोजून?"

"तेवीस."

"मोठ्याने नको म्हणूस. मोजलेलं घटतं."

"घटणारच आहे, मामा. एक तर आपणच नेणार."

"तेच म्हणतो मी," मामा म्हणाले. "एक."

जिल्ह्याच्या पर्यावरण कचेरीत मला तेव्हा चौदा महिने झाले होते. परदेशी शिकारी आला की कचेरीचे एक माणूस बरोबर जाते, काय मारले ते डोळ्यांनी पाहते आणि पंचनाम्यावर सही करते. त्या सहीशिवाय शिंगे देशाबाहेर जात नाहीत. पंचनाम्यात दोन रकाने महत्त्वाचे असतात: मारलेले किती, जखमी होऊन गेलेले किती. दोन्हींची बेरीज एकाच्या वर गेली तर शिकारीला नेणाऱ्या कंपनीला तो डोंगर पुन्हा मिळत नाही, आणि वाटाड्याचे शिकारकार्ड कायमचे जाते.

या शिकारीचे वाटाडे सोदनोम मामा होते. माझ्या आईचे थोरले भाऊ. हे मी कचेरीत सांगितले होते. कचेरी म्हणाली, दुसरे कोण आहे? खरोखर कोणी नव्हते. दुर्बीण धरताना कोपर कुठे टेकायचे, हे मला विद्यापीठाच्या सहा वर्षे आधी मामांनीच शिकवले होते. त्यांच्याकडे ते कार्ड एकोणतीस वर्षे होते. मामा ते छातीच्या खिशात, कातडी पाकिटात ठेवायचे आणि अंगरखा बदलला की आधी ते काढायचे.

बाकीचे दोघे म्हणजे ओचिर आणि हाल्वर. ओचिर कंपनीचा, राजधानीतला, नेहमी हसतमुख. हाल्वर नॉर्वेचा, सत्तरीकडे झुकलेला, बोटींची यंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस. पहाटे मामांनी डोंगराला दूध शिंपडले तेव्हा कोणी न सांगता त्याने टोपी काढली होती. मला तो तेव्हाच बरा वाटला, पण वहीत असे लिहायला जागा नसते.

पहिली गोळी नऊ वाजून बारा मिनिटांनी सुटली. अंतर तीनशे दहा मीटर. गोळीच्या आवाजानंतर सव्वा सेकंदाने दुसरा एक आवाज आला, बोदा, ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. कळप उधळला आणि धुळीतून खिंडीपलीकडे गेला. खिंडीत मी बावीस मोजले. किंवा तेवीस. धूळ होती.

"लागली," हाल्वर म्हणाला.

"दगड," ओचिर म्हणाला. "दगडावर लागली. थोडी उंच गेली."

दगडावर गोळी लागली की किंकाळी येते, बोदा आवाज येत नाही. पण ओल्या मातीतही तसाच आवाज येतो, आणि त्या उतारावर काही ठिकाणी माती ओली होती. मला नक्की काय वाटले ते आजही सांगता येत नाही.

आमच्याकडची रीत साधी आहे. गोळी सुटली की जनावर जिथे होते तिथे जायचे. रक्त दिसो न दिसो, तासभर गुडघ्यांवर शोधायचे. रक्त सापडले तर ते जनावर तुमचे, मग त्याच्यामागे दिवस गेला तरी चालेल, पण दुसऱ्यावर बंदूक उचलायची नाही. मामा खाली गेले. अकरा मिनिटांत परत आले.

"काही नाही," ते म्हणाले, आणि बुटांकडे बघत राहिले.

"मी जाऊन बघते," मी म्हणाले.

"तज्ज्ञबाई, वारा फिरतोय," ओचिर म्हणाला. "कळप आत्ता पलीकडे थांबलाय, तासाने थांबणार नाही. आणि तुमची सही मांसावर लागते, दगडावर नाही."

"पण तासभर तरी..."

"मामा तुमचे. तुमचाच विश्वास नसेल तर आम्ही काय बोलायचं?"

हाल्वरने इंग्रजीत विचारले, "त्याची खात्री आहे ना?"

"आमचा सगळ्यात चांगला माणूस बघून आलाय," ओचिरने इंग्रजीत सांगितले. हे खरेच होते. त्यामुळे मी वही मिटली.

नऊ अठ्ठावन्नला दुसरी गोळी सुटली आणि एक मेंढा जागच्या जागी बसला. शिंगावरच्या कड्यांवरून वय अकरा वर्षे. डावे शिंग १३८ सेंटिमीटर, उजवे १३६.५. हाल्वर टोपी हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मेलेल्या मेंढ्याच्या कानात मामा दर वेळी काहीतरी पुटपुटतात. काय ते कधी सांगत नाहीत. त्या दिवशी ते पुटपुटले नाहीत. सरळ सुरीला धार लावायला बसले.

त्यांचे सोलणे चालले असताना मी पहिल्या जागी जाऊन आले. रक्त नव्हते. दोन दगडांच्या फटीत केस होते, चौदा. गळून पडलेल्या केसाला मूळ असते. या चौदांना नव्हते, मधूनच सरळ कापल्यासारखे होते. गोळी नुसती चाटून गेली तरी असे होते. आत शिरली तरी होते. मी ते कागदाच्या पुडीत घातले आणि पुडीवर वेळ लिहिली. पुढे काय लिहावे ते सुचले नाही.

दुपारी एकला छावणीत आलो. दांडीला चार पाय टांगले: पुढचे दोन, मागचे दोन. फासळ्या कापडात, मुंडके आणि शिंगे जीपमध्ये. ओचिरने चहाआधीच पंचनामा पुढे केला.

"एक मेंढा, एक सही. परवाच्या विमानाने पाहुणे जायचेत."

"सकाळी करते," मी म्हणाले.

"सकाळी काय वेगळा आकडा येणार आहे?"

"तोच येईल. सकाळी करते."

दोन वाजता मामा दोन घोडे घेऊन निघाले. म्हणाले, खोगिराचा पट्टा वाटेत पडलाय. पट्ट्यासाठी दोन घोडे कशाला, हे मी विचारले नाही. पाच वाजता परत आले तेव्हा त्यांच्या अंगरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"खालच्या ओढ्यात घोड्यांना पाणी पाजलं," ते म्हणाले.

पाणी घोडा पितो, माणसाच्या बाह्या पीत नाहीत, असे आमच्या आईने म्हटले असते. मागच्या घोड्याच्या खोगिराला मागे ज्या कातडी वाद्या असतात, शिकार बांधायच्या, त्याही ओल्या होत्या. पट्टा मला कुठे दिसला नाही. कदाचित मी नीट पाहिले नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच घोड्यावर निघाले आणि कळप शोधला. खिंडीपलीकडे, दक्षिणेच्या पठारावर चरत होता. तेविसांतून एक गेला, म्हणजे बावीस असायला हवेत. मी तीन वेळा मोजले. एकवीस, एकवीस, बावीस. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मीच लिहिले आहे की वीस-तीसच्या कळपात दुर्बिणीने मोजताना साधारण एकाची चूक होते. तेव्हा परीक्षकांनी या वाक्याचे कौतुक केले होते. आता ते वाक्य मला काहीही करू देत नव्हते. एकवीस म्हणजे बावीस असू शकतात. बावीस म्हणजे एकवीस. आणि एखादा नर रात्रीतून दुसरीकडे जातोही.

परतताना खंदा आजीचे गेर, म्हणजे नमद्याचे गोल घर, लागते. तिच्या आणि शेजारच्या सहा घरांनी पश्चिमेचा उतार सात वर्षे रानमेंढ्यांना मोकळा सोडला आहे, आपली बकरी तिकडे नेत नाहीत. बोली एवढीच की वर्षाला एक नर जाईल, जास्त नाही. उन्हाळ्यात चारा आखडला की तिचा जावई कुरकुर करतो, पण बोली मोडत नाही.

"कुत्रं आवरा," मी लांबूनच ओरडले.

"ते आवरायचं वय गेलं त्याचं," आतून आवाज आला. "ये तू. जनावरं गुटगुटीत आहेत ना?"

"आहेत," मी रीतीप्रमाणे म्हणाले. "तुमची?"

"एक घोडी सोडून सगळी. ती रांड परवापासून फिरतेय."

तिने खारा चहा ओतला, वाळवलेल्या दह्याची ताटली पुढे सरकवली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"बारीक झालीस. कचेरीत खायला घालत नाहीत का? थांब, आज तुझ्या नशिबात मगज आहे. तुझ्याच मामाच्या हातचं."

"मामांच्या?"

"सोदनोमने वाटा दिला काल. मागचा पाय." तिने भिंतीकडे हात केला. लाकडी जाळीला मांडीचे मांस टांगले होते. नडगी कालच शिजवून झाली होती. सोललेले, अख्खे हाड ताटात होते. "घोडी शोधत कोरड्या ओढ्यात उतरले, तर हा तिथे वाकलेला. मेंढा सोलून झालेला, पण खोगिराला बांधलेला नव्हता अजून. मग काय, बांधायच्या आधी समोर आलं त्याचा वाटा."

ही रीत इथे सगळ्यांना ठाऊक आहे. शिकार वाद्यांनी खोगिराला बांधली की ती शिकाऱ्याची. त्याआधी समोर कोणीही आले, शत्रू जरी आला, तरी त्याला वाटा द्यावा लागतो.

"किती वाजता?" मी विचारले.

"मी काय तुझ्यासारखी घड्याळ बांधून फिरते? दुपार कलली होती."

"आणि मामा काय म्हणाले?"

"काही नाही, तेच तर. आधी मला पाहून असा उभा राहिला, जसं काही मीच घोडी चोरलीय. मेंढ्याच्या मुंडक्यावर अंगरखा टाकलेला. मी म्हटलं, सोदनोम, म्हातारीला ओळखत नाहीस? मग सुरी काढली आणि सांध्यातून पाय मोकळा केला. चांगला दिला, पुढचा नाही दिला, मागचा दिला. तुझ्या मामासारखा माणूस नाही, पोरी."

बोलता बोलता तिने सुरी उलटी धरली आणि मगज काढायला हाड ताटाच्या काठावर टेकवले.

"थांबा," मी म्हणाले. "फोडू नका."

तिचा हात वरच राहिला. पाहुण्याला नडगीचा मगज देणे हा मान असतो, आणि मान नाकारणे वाईट. मला हे चांगले माहीत होते.

"आजारी आहेस?"

"नाही. मला ते हाड मोजायचंय."

"मोजायचंय," ती म्हणाली. "ते शिजलंय. आता मोजून वाढणार आहे का?"

"आजी, हा डोंगरी बोकड तर नसेल?"

तिने सुरी खाली ठेवली. "त्रेसष्ट वर्षं मांस खातेय मी. मला बोकड आणि मेंढा कळत नाही, आणि तुला कळतो. शाळेत चव शिकवतात का?"

मी हाड हातात घेतले. नडगीची पुढची धार समोर ठेवली की खालच्या टोकाचा उंचवटा आतल्या बाजूला येतो. माझ्या स्वतःच्या घोट्याला लावून पाहिले, तेव्हा खंदा आजी जोरात हसली. हाड डाव्या पायाचे होते. मी दोनदा तपासले. एका मेंढ्याला मागचा डावा पाय एकच असतो. मग काल छावणीच्या दांडीवरचे पाय डोळ्यांसमोर आणले. चार. मागचे दोन. पण मी ते डावे-उजवे म्हणून पाहिले होते का? चार मोजले, एवढेच वहीत होते. दांडीवरचा एखादा पाय काल दुपारी आजीकडे आला असेल, आणि मी पाचला पुन्हा मोजले नसेल, तर सगळा घोटाळा माझाच होता.

आजीने हाड जुन्या कापडात बांधून दिले आणि मगजाऐवजी मला मांडीचे मांस खायला लावले. निघताना म्हणाली, "घोडी सापडली तर तिचं शेपूट तुला पाठवीन. तेही मोज."

छावणीत तिघे चहा पीत होते. मी आधी दांडीकडे गेले. चार पाय होते. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. मग कापड टेबलावर ठेवले आणि उघडले.

मामांनी हाडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग चहाकडे.

"हे काय?" ओचिर म्हणाला.

"खंदा आजींकडे होतं. काल दुपारी मामांनी त्यांना मागचा पाय वाटा म्हणून दिला."

"हां, तो," ओचिर लगेच म्हणाला. "तो मीच पाठवला. गावाशी संबंध बरे राहावेत म्हणून. यातलाच."

"यातले चारही दांडीला आहेत."

ओचिर उठून दांडीपाशी गेला. बोट लावून मोजले. हसू तसेच होते, फक्त जागच्या जागी थिजले होते.

"मग बोकडाचा असेल. सोदनोम दादा, तुम्ही बोकड मारलात का? सांगा की, बोकड मारला म्हणून. त्याचा दंड किरकोळ आहे, मी बघतो."

मामांनी पेला उचलून एक घोट घेतला.

"काय झालंय?" हाल्वरने मला विचारले. मी इंग्रजीत जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले: एक पाय जास्त आहे, कुठला ते मला अजून माहीत नाही. बोदा आवाज, चौदा केस, एकवीस-बावीस, सगळे सांगितले. ओचिर मध्ये दोनदा बोलायला लागला. हाल्वरने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"मी आवाज ऐकला होता," तो शेवटी म्हणाला. "मी विचारलं, आणि मला जे ऐकायला आवडलं असतं ते मला सांगितलं गेलं. तसं असेल तर माझी शिकार नऊ बारालाच संपली होती. ती शिंगं माझी नाहीत."

"साहेब, असं काही ठरलेलं नाही," ओचिर म्हणाला. "या बाईंना चौदा महिने झालेत नोकरीला. एका म्हातारीच्या ताटातलं हाड घेऊन..." मग तो माझ्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाला, "तज्ज्ञबाई, कार्ड कोणाचं जाईल ते कळतंय ना? माझं नाही जाणार. माझ्याकडे कार्डच नाही."

ते मला कळत होते. आदल्या दुपारपासून तेवढेच कळत होते, बाकी काही नाही.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, काही नाही. मग आजींना पाय का दिलात? नाही म्हणायचं होतं."

मामांनी पेला खाली ठेवला.

"बांधलं नव्हतं अजून," ते म्हणाले.

"पण तुम्ही एवढं सगळं..."

"ती समोर येऊन उभी राहिली, पोरी. बांधलं नव्हतं. काय करणार होतो?"

ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले की मला क्षणभर वाटले, चूक मीच करते आहे. अकरा मिनिटांत परत येऊन 'काही नाही' म्हणणारा माणूस आणि हा माणूस मला एकत्र बसवता येईना. कंपनीने त्यांना काय सांगितले होते, सकाळीच रक्त दिसले होते का, मेंढा दुपारी जिवंत सापडला की मेलेला, यातले मी काहीच विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी सांगितलेही असते, आणि मग मला ते लिहावे लागले असते.

"मला माहीत नाही काय लिहायचं," मी म्हणाले.

"माहीत नसेल ते नको लिहूस. मी तुला तेच शिकवलं ना?" मामा उठले, दांडीवरचा मागचा डावा पाय उतरवला आणि टेबलावर आडवा ठेवला. "मोजतेस ना तू? मोज."

त्यांनी सुरी काढली. गुडघ्याच्या सांध्यातून, मग घोट्यातून, नेहमीसारखे, हाडाला ओरखडा न येऊ देता नडगी मोकळी केली. मांस खरवडले, अंगरख्याच्या बाहीने हाड पुसले आणि आजीच्या हाडाशेजारी ठेवले. हाल्वरने चष्मा लावला. ओचिर जीपकडे गेला आणि तिथेच उभा राहिला.

माझा टेप कापडी आहे, एक टोक धरायला कोणीतरी लागते. मामांनी शून्याचे टोक धरले. त्यांचा अंगठा हाडाच्या वरच्या कडेवर बरोबर टेकला होता, जरासुद्धा हलत नव्हता. प्रत्येक हाड मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा तोच आकडा आला. डोंगरी बोकडाची नडगी एवढी लांब नसते. पंचनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले:

मागचा डावा पाय, नडगीचे हाड, छावणी: ३४.१ सेंटिमीटर.

मागचा डावा पाय, नडगीचे हाड, खंदा आजी: ३२.६ सेंटिमीटर.